४९ – ०

हॉस्टेलच्या मेसमध्ये रविवारी फीस्ट असली की आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. ब्रॅडमन आजच्या बोलिंगसमोर टिकला असता का? ऐन भरातला बोर्ग आणि ऐन भरातला फेडरर समोरासमोर आले असते तर? गुलाबजाम संपतात, वाद संपत नाही. कारण साधं आहे. दोघंही आपापल्या वेळेला मोठे, आणि त्या वेळा काही एकत्र येत नाहीत. एक वर येत असतो तेव्हा दुसरा उतरत असतो, नाहीतर कधीच रिटायर झालेला असतो.

हाच वाद १९६९ साली अमेरिकेत चक्क कॉम्प्युटरला सोडवायला दिला होता हे मला माहीत नव्हतं. शोधायला लागलो होतो त्या कॉम्प्युटरबद्दल, आणि सापडला एक माणूस. रॉकी मार्सियानो. स्टॅलनच्या रॉकी सिनेमात हीरोच्या खोलीत भिंतीवर ज्याचा फोटो आहे, तोच हा. सिनेमातला रॉकी खोटा, भिंतीवरचा खरा. हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता, प्रोफेशनल करिअरमध्ये ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआऊट. हार शून्य, बरोबरीसुद्धा शून्य.

आता असा रेकॉर्ड असलेल्या माणसाबद्दल वाद कशाला, असं वाटेल. पण सगळ्यात जास्त वाद ह्याच्याबद्दलच आहे! का ते पुढे येईलच.

रॉकीचं खरं नाव रोक्को फ्रान्सिस मार्केजियानो. जन्म १ सप्टेंबर १९२३, गाव ब्रॉकटन, राज्य मॅसॅच्युसेट्स. आईवडील दोघेही इटलीहून आलेले. ब्रॉकटन म्हणजे बुटांचं गाव, घरोघरी कोणी ना कोणी बुटांच्या कारखान्यात. रॉकीचे वडील तिथेच कामाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा त्रास झालेला माणूस, आणि आयुष्यभर त्या चामड्याच्या वासात उभा राहिला. रॉकी दीड वर्षाचा असताना न्यूमोनियाने जाता जाता वाचला. मोठा झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच पक्कं होतं, काहीही करीन पण बुटांच्या कारखान्यात आयुष्य घालवणार नाही. दहावीच्या वर्गातच शाळा सोडली. मग बर्फाच्या नि कोळशाच्या गाडीवर हमाली, खड्डे खणणे, आणि थोडे दिवस का होईना, नको असलेला तो बुटांचा कारखानाही.

स्वप्न मात्र बॉक्सिंगचं नव्हतं, बेसबॉलचं होतं. १९४३ साली सैन्यात भरती झाली, युद्धात वेल्समध्ये राहून नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे सामान पोचवणाऱ्या तुकडीत होता. सैन्यातच थोडंफार बॉक्सिंग केलं. मार्च १९४७ मध्ये रॉकी मॅक अशा खोट्या नावाने पैसे घेऊन एक लढत मारली, कारण खऱ्या नावाने खेळला असता तर ॲमॅच्युअर म्हणून राहता आलं नसतं. आणि लगेच त्यानंतर शिकागो कब्ज ह्या नामांकित बेसबॉल टीमच्या ट्रायलला गेला. तीन आठवड्यांत घरी पाठवलं. कॅचर होता, पण हाताचा थ्रो लांब जात नव्हता. हे वाचून मला हसूच आलं. ज्या उजव्या हाताने पुढे जगातली माणसं आडवी केली, त्या हाताला साधा चेंडू नीट फेकता येत नव्हता!

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ४९-० हा आकडा फक्त प्रोफेशनल लढतींचा. ॲमॅच्युअर असताना तो हरला होता, एकदा नाही तर काही वेळा. १९४८ मध्ये कोली वॉलेस नावाच्या बॉक्सरने त्याला हरवलं. ह्या वॉलेसचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१९४८ मध्ये रॉकी आणि त्याचा बालमित्र ॲली कोलंबो न्यूयॉर्कला गेले. ट्रकवाल्यांना हात करत, कारण बसभाड्याला पैसे नाहीत. तिथे मॅनेजर अल वाईल आणि ट्रेनर चार्ली गोल्डमन ह्यांनी त्याला बघितलं. गोल्डमन स्वतः जुना बॉक्सर, चणीने अगदी छोटा. त्याला समोर काय दिसलं? चोवीस-पंचवीस वर्षांचा घोडा, म्हणजे बॉक्सिंग शिकायला उशीरच. उंची सुमारे पाच फूट दहा इंच, वजन ८४ किलोच्या आसपास. आणि रीच फक्त ६८ इंच. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. जो लुईसचा रीच होता ७६ इंच. म्हणजे समोरच्याचा ठोसा तुमच्या नाकावर पोचतो तेव्हा तुमचा ठोसा हवेतच. पायांची हालचाल बेंगरूळ, तोल जातोय. पण उजवा हात लागला की समोरचा खाली.

गोल्डमनचं मोठेपण मला इथे वाटतं. त्याने त्याला उंच, देखणा बॉक्सर बनवायचा प्रयत्नच केला नाही. उलट त्याला आणखी वाकायला लावलं. आधीच बुटका, त्यात खाली वाकलेला, म्हणजे समोरच्याला मारायला जागाच राहत नाही, आणि खालून वर येणाऱ्या ठोशामागे पायांपासूनची सगळी ताकद येते. आमच्या डिझाइनच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर कन्स्ट्रेंट बदलता येत नाही ना, मग त्याच्याभोवती डिझाइन करा. चेहरा सापडला नाही तर रॉकी समोरच्याच्या हातांवर, खांद्यांवर, दंडांवर मारत राहायचा. १९५३ मध्ये रोलंड लास्टार्झाच्या दंडातल्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या अशा मारानेच.

ठोशाच्या ताकदीबद्दल एक गंमत. १९६३ साली एका अमेरिकी बॉक्सिंग मासिकाने छापलं की रॉकीच्या नॉकआऊट ठोशात एक हजार पौंड वजन एक फूट वर उचलण्याइतकी ऊर्जा होती. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. साधारण १,३५६ ज्यूल येतात. आता ठोशामागे हाताचं नि खांद्याचं मिळून पाच किलो वजन धरलं, तर मुठीचा वेग सेकंदाला २३ मीटर पाहिजे, म्हणजे तासाला ८० किलोमीटरहून जास्त! चांगल्या हेवीवेटच्या मुठीचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे एकतर आकडा फुगवलेला, नाहीतर मोजणी चुकलेली. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी असं लिहिलं असतं तर रिपीट मिळालं असतं.

नाव बदललं ते प्रॉव्हिडन्स शहरात. तिथल्या रिंगमध्ये पुकारणाऱ्याला मार्केजियानो म्हणता येईना, म्हणून कापून मार्सियानो केलं. त्या गावात त्याने एकामागून एक माणसं लोळवली आणि ब्रॉकटनचे लोक गाड्या भरभरून बघायला जायला लागले.

मग आली ३० डिसेंबर १९४९ ची लढत, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. समोर कार्माइन व्हिंगो. वय वीस. म्हणजे माझ्याएवढा. दोघांनी एकमेकांना भरपूर मारलं आणि सहाव्या राउंडला व्हिंगो पडला तो बेशुद्धच. डोक्यात रक्तस्राव. कित्येक दिवस जगेल की नाही हे सांगता येत नव्हतं. रॉकी हॉस्पिटलमध्ये बसून राहिला, त्याच्या खर्चाला स्वतःचे पैसे दिले. व्हिंगो वाचला, पण पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. वर्षभराने, डिसेंबर १९५० मध्ये, रॉकीचं बार्बरा कझिन्सशी लग्न झालं तेव्हा व्हिंगो त्या लग्नाला आला होता. ह्या प्रसंगावर मी जास्त काही लिहिणार नाही. पण ४९ मधला तो एक आकडा आहे हे मोजताना विसरायला होतं.

आता मुख्य लढत. २६ ऑक्टोबर १९५१, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रॉकी मार्सियानो विरुद्ध जो लुईस.

जो लुईस कोण हे सांगायला पाहिजे. १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षं जगज्जेता, २५ वेळा किताब राखला. काळा बॉक्सर, आणि तरीही त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्यांनीही त्याला आपला मानला, कारण १९३८ मध्ये त्याने हिटलरच्या जर्मनीतल्या माक्स श्मेलिंगला पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला होता. रॉकी तेव्हा चौदा वर्षांचा पोरगा. लुईस त्याचा हीरो होता. युद्ध सुरू झालं तेव्हा १९४२ मध्ये लुईसने दोन लढतींची कमाई नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. आणि इन्कम टॅक्सवाल्यांनी काय केलं? त्या दान केलेल्या पैशावरही टॅक्स लावला! व्याज चढत गेलं, थकबाकी लाखो डॉलर्सच्या घरात गेली. १९४९ मध्ये मानाने रिटायर झालेला माणूस १९५० मध्ये त्या कर्जासाठी परत रिंगमध्ये आला. इझार्ड चार्ल्सने त्याला हरवलं. तरी तो थांबू शकत नव्हता. मग लहानसहान आठ लढती जिंकत जिंकत तो रॉकीपर्यंत पोचला.

एकीकडे २८ वर्षांचा, एकदाही न हरलेला. दुसरीकडे ३७ वर्षांचा, डोक्यावर टक्कल पडायला लागलेला. तरीसुद्धा पैजा लावणाऱ्यांचा कल लुईसकडे होता. लोकांना आठवणीतला लुईस दिसत होता, समोरचा नाही.

सुरुवातीच्या राउंड्समध्ये लुईसचा डावा जॅब अजून चालत होता. पण ज्या उजव्या हाताने त्याने दुनिया जिंकली होती तो सुटतच नव्हता. दिसतंय कुठे मारायचं, पण हात पोचेपर्यंत जागा रिकामी. आठव्या राउंडमध्ये रॉकीच्या डाव्या हुकने लुईस खाली बसला. आठ आकडे मोजेपर्यंत उठला. मग परत डावे हुक, आणि एक उजवा. लुईस दोरांमधून मागे कोसळला, अर्धा रिंगच्या बाहेर. रेफरीने आकडे मोजण्याचीही वाट बघितली नाही, लढत थांबवली.

ह्या लढतीची फिल्म आजही बघायला मिळते. मी ती बघितली आणि खरं सांगतो, जिंकणाऱ्याचा आनंद होत नाही. रॉकीलाही झाला नाही. तो नंतर ड्रेसिंग रूममध्ये रडला, लुईसला जाऊन भेटला. त्याच्या करिअरचा सगळ्यात मोठा विजय, आणि त्याला माहीत होतं की आपण हरवला तो जो लुईस नाही, त्याचं उरलेलं काहीतरी आहे. लुईस त्यानंतर परत लढला नाही. पैशासाठी पुढे त्याला कुस्तीचे तमाशेही करावे लागले, शेवटी लास व्हेगासच्या एका कसिनोमध्ये पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी.

(आणि हो, तो कोली वॉलेस! १९५३ मध्ये जो लुईसच्या आयुष्यावर सिनेमा निघाला, त्यात लुईसचं काम वॉलेसने केलं. म्हणजे पडद्यावरचा जो लुईस हा खरोखर मार्सियानोला हरवलेला माणूस होता. असे योगायोग सिनेमात दाखवले तर आपण हसतो.)

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. किताबासाठी लढत, समोर चँपियन जर्सी जो वॉलकॉट, वय ३८. पहिल्याच राउंडमध्ये रॉकी आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. मधल्या काही राउंड्समध्ये त्याच्या डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला धड दिसत नव्हतं. बारा राउंड झाले तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर वॉलकॉट पुढे. म्हणजे पंधरा राउंडपर्यंत वॉलकॉटने नुसता वेळ काढला असता तरी जिंकला असता. तेराव्या राउंडला वॉलकॉट दोरांपाशी होता, दोघांनी एकदमच उजवा हात काढला, आणि रॉकीचा जेमतेम फूटभर अंतरातून गेलेला ठोसा आधी पोचला. वॉलकॉट एका हाताने दोर धरून हळूहळू गुडघ्यावर खाली सरकला. तो फोटो फार प्रसिद्ध आहे. ठोशामुळे चेहरा पार वेडावाकडा झालेला.

रॉकी जगज्जेता झाला. त्यानंतर सहा वेळा किताब राखला. वॉलकॉटला परत, ह्या वेळी पहिल्याच राउंडमध्ये. लास्टार्झाला. इझार्ड चार्ल्सला १९५४ मध्ये दोनदा. पहिल्यांदा पूर्ण पंधरा राउंड लागले, दुसऱ्यांदा रॉकीचं नाक फाटून रक्त थांबेना, डॉक्टर लढत थांबवणार अशी वेळ आली तेव्हा त्याने आठव्या राउंडला चार्ल्सला संपवलं. १९५५ मध्ये इंग्लंडचा डॉन कॉकेल, आणि २१ सप्टेंबर १९५५ ला यँकी स्टेडियममध्ये आर्ची मूर. मूरने दुसऱ्या राउंडमध्ये त्याला खाली पाडलं, रॉकीने नवव्यात मूरला. ही ४९वी.

आता वाद काय तो बघा. लुईस ३७ वर्षांचा. वॉलकॉट ३८ चा. चार्ल्स ३३ चा, पण शंभराच्या आसपास लढतींनी झिजलेला. मूरचं तर जन्मसालच दोन-दोन सांगतात, त्यामुळे तो ३८ चा होता की ४१ चा हा वेगळाच वाद. म्हणजे रॉकीचे मोठे विजय बघितले तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वर येणारा विरुद्ध उतरणारा. त्याला न मानणारे म्हणतात, म्हाताऱ्यांना मारलं, त्यात काय मोठं? मानणारे म्हणतात, समोर जो आला त्याच्याशी लढला, आणखी काय करायचं होतं?

मला विचाराल तर दोन्ही बाजू अर्धवट आहेत. त्या वेळचे सगळ्यात चांगले हेवीवेट हेच होते, वय काहीही असो. तो कोणाला टाळत नव्हता. पण एक लढत अशी होती जी झाली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. फ्लॉइड पॅटरसन. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी सुवर्णपदक, विजेसारखे हात. १९५६ च्या शेवटी मार्सियानो ३३ आणि पॅटरसन २१. ह्या वेळी उतरणारा कोण ते उलटं झालं असतं.

ती लढत झाली नाही. २७ एप्रिल १९५६ ला रॉकीने निवृत्ती जाहीर केली. पाठ दुखत होती. ट्रेनिंग कँपमध्ये महिनोन् महिने काढल्यामुळे बायको आणि छोटी मुलगी दुरावत चाललेल्या. मॅनेजर अल वाईल कमाईतला निम्मा वाटा घ्यायचा आणि दोघांचं पैशांवरून चांगलंच बिनसलं होतं. कारणं सगळी खरी आहेत. पण लुईस दोरांमधून पडताना ज्याने सगळ्यात जवळून बघितला तो रॉकीच होता, हेही खरं आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये रिकाम्या किताबासाठी पॅटरसनने लढत जिंकली, आणि समोर कोण होता? तोच आर्ची मूर, पाच राउंडमध्ये खल्लास. रॉकीला नऊ लागले होते! ह्यावरून पॅटरसन भारी असं सिद्ध होतं का? नाही होत. मूर मधल्या चौदा महिन्यांत आणखी म्हातारा झाला होता. ए ने बी ला हरवलं, बी ने सी ला, म्हणून ए सी ला हरवेल, हे बीजगणितात चालतं, बॉक्सिंगमध्ये नाही.

मोह मात्र सुटला नाही. जून १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने पॅटरसनला सात वेळा पाडून किताब घेतला, तेव्हा रॉकीने फ्लोरिडात गुपचूप प्रॅक्टिस सुरू केली. वजन वाढलेलं, वय ३६ च्या जवळ. महिनाभराने त्याचं त्यालाच कळलं आणि तो निमूट घरी आला. मला त्याच्या सगळ्या ४९ विजयांपेक्षा हा निर्णय मोठा वाटतो, आणि ह्याचा रेकॉर्ड कुठल्याच पुस्तकात आकड्यांत नाही.

निवृत्तीनंतरचा रॉकी थोडा विचित्रच होता. बँकांवर विश्वास नाही, चेक घ्यायचा नाही, सगळं रोख. पैसे कुठेकुठे लपवून ठेवायचा. सतत प्रवास, आज ह्या गावात भाषण, उद्या त्या गावात. बुटांच्या कारखान्याची भीती त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नसावी. तो गेल्यावर ते लपवलेले पैसे घरच्यांना सापडले नाहीत.

आणि आता तो कॉम्प्युटर. मायामीमध्ये मरे वोरोनर नावाचा रेडिओ निर्माता होता. १९६७ मध्ये त्याने टूम काढली, सगळ्या काळातल्या सोळा हेवीवेट चँपियन्सची स्पर्धा, रेडिओवर. निकाल ठरवणार एनसीआर ३१५ हे कॉम्प्युटर. क्रीडापत्रकार आणि जाणकारांना पत्रं पाठवून प्रत्येक बॉक्सरची ताकद, वेग, मार खाण्याची क्षमता, कमजोरी ह्यांची माहिती गोळा केली, तिचे फॉर्म्युले केले आणि फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिला. हो, तीच फोरट्रान. त्या स्पर्धेत रॉकी पहिला आला, फायनलला जॅक डेम्प्सीला हरवून. मुहम्मद अली मात्र क्वार्टर फायनललाच जेम्स जेफ्रीजकडून हरला! अली भडकला. लष्करात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब आणि लायसन्स १९६७ मध्येच काढून घेतलं होतं, त्यात हे. त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली दहा हजारांच्या आसपास, आणि अट अशी की अली व रॉकी ह्या दोन अपराजित माणसांची कॉम्प्युटर लढत सिनेमासारखी शूट करायची.

१९६९ चा उन्हाळा, मायामीचा एक बंद स्टुडिओ. अली २७ वर्षांचा, लढायला बंदी. रॉकी ४५ वर्षांचा, तेरा वर्षं रिंगबाहेर. ह्या खोट्या लढतीसाठी त्याने वीस किलोहून जास्त वजन उतरवलं आणि टकलावर विग चढवला. एकेका मिनिटाचे सत्तरच्या वर राउंड शूट केले. शेवट वेगवेगळे घेऊन ठेवले, कुठला वापरायचा ते कॉम्प्युटर सांगणार, दोघांनाही माहीत नाही. रक्त म्हणून केचप. अलीच्या एका ठोशाने रॉकीचा विग उडाला तेव्हा शूटिंग थांबवावं लागलं. दोघांची छान गट्टी जमली.

आता आपण इंजिनिअर म्हणून बघू. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बॉक्सर त्याच्या ऐन भरातला घ्यायचा होता. पण रॉकीच्या ऐन भरातला डेटा आला कुठून? लुईस, वॉलकॉट, चार्ल्स, मूर ह्यांच्याविरुद्धच्या लढतींतून, म्हणजे उतरत्या माणसांविरुद्ध. आणि अलीचा डेटा १९६७ ला, पंचविसाव्या वर्षी बंद पडलेला. बाकी सगळी जाणकारांची मतं, म्हणजे मेसमधलाच वाद, फक्त पंच कार्डावर. गार्बेज इन, गार्बेज आऊट एवढं कडक मी म्हणणार नाही, पण मशीनने नवीन काही शोधलं नाही एवढं नक्की.

शूटिंग संपून तीनेक आठवडे झाले. ३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री रॉकी शिकागोहून एका छोट्या सेस्ना विमानाने डे मॉइनला निघाला, ओळखीतल्या एकाच्या कार्यक्रमाला. हवा खराब होती. पायलटकडे फक्त यंत्रं बघून उडवायचं प्रशिक्षण नव्हतं. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावाजवळ विमान शेतातल्या एकट्या उभ्या असलेल्या ओकच्या झाडावर आदळलं. तिघेही जागच्या जागी गेले. दुसऱ्या दिवशी रॉकीचा ४६वा वाढदिवस होता. अंत्यसंस्काराला जो लुईस आला होता. त्याने शवपेटीवर वाकून ओठ टेकले.

२० जानेवारी १९७० ला ती फिल्म एकाच रात्री सुमारे १,५०० थिएटर्समध्ये दाखवली. तेराव्या राउंडमध्ये मार्सियानोने अलीला नॉकआऊट केलं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा जिंकणारा जाऊन साडेचार महिने झाले होते.

अलीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण २ ऑक्टोबर १९८० ची लढत त्याचे चाहते फारशी काढत नाहीत. अली ३८ वर्षांचा, समोर लॅरी होम्स, जो एकेकाळी अलीलाच प्रॅक्टिस द्यायला असायचा. दहा राउंड होम्स त्याला मारत होता आणि मारताना रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. शेवटी अलीच्या कोपऱ्यातूनच लढत थांबवली. नंतर होम्स रडला.

हाच होम्स पुढे ४८-० पर्यंत पोचला. आणखी एक जिंकला की मार्सियानोची बरोबरी. तारीख होती २१ सप्टेंबर १९८५, मूरविरुद्धच्या त्या ४९व्या लढतीला बरोबर तीस वर्षं झालेली. समोर मायकल स्पिंक्स, खालच्या वजनगटातून वर आलेला, हेवीवेटमध्ये नवा. होम्स तोपर्यंत ३५ वर्षांचा झाला होता. पंधरा राउंड झाले आणि परीक्षकांनी स्पिंक्सला विजयी ठरवलं. २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने ५०-० केलं, पण तो कितीतरी हलक्या वजनगटातला. हेवीवेट जगज्जेत्यांमध्ये ४९-० अजून तसंच आहे.